मुदतवाढ

काल रात्री साडेदहाला बातम्यांच्या खाली
सरकत्या पट्टीत आलं:
चौदा हात वर, एक तटस्थ,
शांतिसेनेला आणखी सहा महिने.
पाठोपाठ सोन्याचा भाव.
मी ताटातच हात धुतला.
बायकोने काल तेही चालवून घेतलं.

तसा माझा धंदाच मुदतवाढीचा.
धोबीतलावला, लघुवाद न्यायालयाच्या भिंतीला पाठ लावून
एकतीस वर्षं टाइप करतोय,
'सदर करार अकरा महिन्यांसाठी.'
नवी माणसं विचारतात, बारा का नाही?
बारावा महिना लागला की
भाडेकरूला मुळं फुटतात, अशी मालकाची भीती.
म्हणून अकरा. मग परत अकरा.
डिमेलोबाई तर अशा बावीस करारांत
माझ्यासमोर म्हाताऱ्या झाल्या.

आणि मी राहतो घोडपदेवला,
पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर,
जिची लीज मी चौथीत असताना संपली.
कुणी उठा म्हणालं नाही.
राहा, असंही नाही.
छपराचा पत्रा बदलायला परवानगी लागते;
ती मागायची कुणाकडे,
यावर तारीख पडते.

निलाक्षी तिथे नऊ नंबरच्या चौकीवर,
कॅप्टन, डॉक्टर.
हद्द म्हणजे पिंपं, बाबा, ती सांगते.
पांढरी, पन्नास पन्नास पावलांवर.
उन्हाने रंग उडतो, आम्ही परत लावतो.
एकांच्या नकाशात ओळ ओढ्याच्या अल्याड,
दुसऱ्यांच्या नकाशात पल्याड.
आणि ओढा?
ओढ्याला पाणी पाहिलेला माणूस
तिला अजून भेटलेला नाही.

एकदा तिने नोंदवही वाचून दाखवली:
'उल्लंघन. सकाळी सहा चाळीस. शेळ्या, तेरा.
मागे एक म्हातारा, निःशस्त्र. परत गेले.'
दुसऱ्या दिवशीची नोंद:
'शेळ्या, चौदा.'
रात्रीत एक ओळीवरच व्याली होती.
पिल्लू कुणाच्या हद्दीतलं,
तो रकाना तिने कोरा ठेवला.
वरून विचारणा आली. तरी कोराच.

मी एकदा चिडून म्हणालो,
इतकी वर्षं राखण करून तुम्ही सोडवलंत काय?
ती बराच वेळ बोलली नाही.
मला वाटलं लाइन गेली.
मग म्हणाली, या वर्षी आमच्या पट्ट्यात दोन गेले.
पुढच्या डोंगरात चौकी नाही.
तिथले किती, हे मी विचारलं नाही.
तिनेही सांगितलं नाही.

या महिन्यात ती येणार होती.
आईने पलंगावर धुतलेली चादर घातली होती,
फणसाचे गरे तळून डब्यात भरले होते.
आज सकाळी चादर निघाली, घडी झाली.
डबा मात्र फळीवर पुढेच ठेवलाय,
हाताशी.

पहिलं गिऱ्हाईक आलं नळबाजारातलं,
दोघे भाऊ, एक गाळा, मधे प्लायवूडची भिंत.
दावा निकाली निघेपर्यंत
ती कुणी हलवायची नाही, असं लिहून हवं होतं.
दोघे माझ्याशी बोलत होते, एकमेकांशी नाही.
धाकट्याच्या खिशात दोघांसाठी घेतलेलं
एकच पेन होतं.

मुदत टाइप करताना माझं बोट चुकलं.
अकराच्या जागी सहा उमटलं.
थोरला म्हणाला, हे काय?
मुलगी बाहेरगावी असते, मी म्हणालो,
जसं काही त्याने तेच विचारलं होतं.

कच्चा खर्डा होता, म्हणून चाललं.
बाटली हलवली, चुकीवर पांढरा लावला,
फुंकर घातली.
दोघे एकदमच सहीला वाकले,
डोक्याला डोकं लागता लागता राहिलं.

थांबा, म्हटलं.
वाळू दे.